महाद्वाराबाहेर

माझ्याकडे आबांची तुळशीची माळ आहे. १०८ मण्यांची होती, आता १०१ उरलेत. दोरा दोनदा बदलला. मणी बोटांनी घासून घासून फिकट झालेत, मेरूमण्यापाशीच तेवढा लाकडाचा मूळचा खडबडीतपणा हाताला लागतो. घरात देव्हारा नाही, १९५६ पासून नाही. माळ मात्र आहे, कपाटात, दादांच्या चष्म्याच्या डबीशेजारी.

आबा म्हणजे माझे आजोबा, मंगळवेढ्याच्या महारवाड्यातले. आषाढी, कार्तिकी, माघी, चैत्री या चारही वाऱ्या ते पायी करायचे. मंगळवेढ्याहून पंढरपूर पंचवीसेक किलोमीटर. पहाटे चांदणं असताना निघायचं, दुपार कलताना पोचायचं. चंद्रभागेत बुडी मारायची, कपाळाला गोपीचंदन लावायचं आणि महाद्वाराकडं जायचं. तिथं देवळाबाहेर, रस्त्याच्या अंगाला चोखोबांची, म्हणजे संत चोखामेळ्याची समाधी. तिच्यावर डोकं टेकायचं, बुक्का वाहायचा, नारळ फोडायचा. मग चार पावलं मागं सरकून मान वर करायची, कळस बघायचा, हात जोडायचे आणि माघारी फिरायचं. घरी आल्यावर आजी विचारायची, "झालं का दर्सन?" आबा म्हणायचे, "झालं." विसाव्या वर्षापासून बावन्नाव्या वर्षापर्यंत आबांचं दर्शन ते एवढंच.

पंढरपूरला गेलेल्यांना ती जागा माहीत असते. घाटावरून वर आलं की समोर महाद्वार. तिथली पहिली पायरी नामदेवांची. तिच्यावर कोणी पाय ठेवत नाही, वाकून हात लावतात आणि ओलांडून पुढं जातात. संतांच्या पायाची धूळ आपल्यावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, असं सांगतात. चोखोबांनी कुठलीच जागा मागितली नव्हती. त्यांना तिथं नामदेवांनीच आणलं.

ती कथा आमच्या गावची. शके १२६०, म्हणजे १३३८ साली मंगळवेढ्याचं गावकूस बांधायचं काम चाललं होतं. वेठीला महार लावले होते, त्यांत चोखोबा होते. कूस ढासळलं, माणसं दगडामातीखाली गाडली गेली. नामदेव आले, ढिगारा उपसला. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आलं ती चोखोबांची, असं ओळखून त्यांनी ती पंढरपूरला नेली आणि महाद्वारासमोर पुरली. शाळेत ही गोष्ट सांगताना मुलांचं लक्ष हाडांतल्या नामाकडं जायचं. माझं मन मात्र लहानपणापासून त्या कुसात अडकलेलं आहे. गावाची वस्ती कुसाच्या आत, महारवाडा कुसाबाहेर. ज्या भिंतीनं आपल्याला बाहेर ठेवायचं, ती भिंत आपणच बांधायची आणि तिच्याखाली मरायचं. आबांना मी एकदा हे बोलले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "पोरी, ह्ये मला कदी सुचलं न्हाई."

मंगळवेढ्याचीच आणखी एक संत, कान्होपात्रा. गणिकेच्या पोटची. बेदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तेव्हा ती विठ्ठलाकडं धावली आणि त्याच्या पायाशी तिनं देह ठेवला. तिची समाधी देवळाच्या आवारात आहे, तिथं तरटीचं झाड दाखवतात. गणिकेच्या मुलीला दार ओलांडता आलं आणि चोखोबांना नाही. कर्म हीन ठरवलेली माणसं भक्तीनं पावन होत होती. स्पर्शच हीन ठरवलेल्या माणसाला तो मार्ग नव्हता. दोघं एकाच गावची, म्हणून मला हा फरक फार बोचतो.

पंढरपुरात स्पर्शाचा अर्थ इतर देवळांपेक्षा वेगळा आहे. बाकी बहुतेक ठिकाणी देव लांबून बघायचा. इथं वारकरी सोळखांबीतल्या गरुडखांबाला मिठी मारतो, चौखांबीतून गाभाऱ्यात जातो आणि विठ्ठलाच्या पायांवर थेट कपाळ टेकवतो. राजा असो की शेतमजूर, त्या पायांवर आधीच्या माणसाच्या घामाचा ओलावा असतो. अशा देवळात महाराला घ्यायचं म्हणजे नुसतं आत घ्यायचं नव्हे. त्याचं कपाळ जिथं टेकलं तिथं पुढच्या ब्राह्मणानं कपाळ टेकायचं. सगळा विरोध याच ठिकाणी गोठलेला होता. विठ्ठल सगळ्यांची माउली आहे हे गाभाऱ्यातले लोकही मान्य करत होते, कीर्तनात सांगतही होते. तेच खरं मानलं तर पुढं काय करावं लागेल, हे ओळखूनच दार लावलेलं होतं.

त्या दाराच्या आत पोटापाण्याची मोठी घडी बसलेली होती. बडवे देवळाचे वंशपरंपरागत अधिकारी, रुक्मिणीकडं उत्पात. त्यांच्या जोडीला सेवाधारी. पुजारी पूजा करणार, बेणारी मंत्र म्हणणार, परिचारक पाणी आणणार, हरिदास पदं गाणार, डिंगरे देवाला आरसा दाखवणार, दिवटे दिवटी धरणार, डांगे चांदीची काठी घेऊन उभे राहणार. एकेका घराण्याकडं एकेक काम, पिढ्यान् पिढ्या. बडव्यांत तर देवापुढच्या उत्पन्नाच्या हक्काचे लिलाव होत. आरसा धरण्याचा मान ज्याच्या घरात पाच-सहा पिढ्या आहे, त्याला तो धर्मच वाटतो आणि ते प्रामाणिकपणे वाटतं. माझ्या शाळेत अशा घरातले एक सहकारी होते. फार सज्जन माणूस. "आमच्या आजोबांना दार उघडणं म्हणजे देवाशी बेइमानी वाटली होती," असं ते मला म्हणाले होते. मी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला, अजूनही ठेवते. पण त्यांचे आजोबा ज्याला इमान म्हणत होते, त्याची किंमत माझे आजोबा रस्त्यावर उभे राहून भरत होते.

चोखोबांची समाधी तरी आमची होती का? पेशवाईच्या उत्तरार्धात पंढरपूरच्या ब्राह्मणांनी सरकारकडं तक्रार केली. अतिशूद्र चोखोबांच्या शिळेपाशी दर्शनाला येतात, जागा अरुंद आहे, गर्दीत येणाऱ्याजाणाऱ्यांना विटाळ होतो. सरकारचा निर्णय आला की, त्यांनी तिथं न येता दीपमाळेपाशी किंवा जवळच्या आपल्या वाड्यातूनच पूजा करावी. देवळाबाहेरच्या दगडाला लांबून नमस्कार! मी ही हकिगत पहिल्यांदा वाचली तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं. रस्त्यावरची ती चार पावलांची जागाही कोणाच्या तरी आजोबांनी परत मिळवली असणार, नुसतं येत राहून. आबांना जी समाधी आयती मिळाली तिच्यामागं हे आहे.

मग एवढं होऊनही माणसं का जात राहिली? दादा, म्हणजे माझे वडील, हा प्रश्न आबांना आयुष्यभर विचारत राहिले. त्यांचं म्हणणं असं की, वारीनं आपल्याला सोसायला शिकवलं. भजनात सगळे सारखे म्हणायचं, आणि भाकरी सोडायची वेळ आली की दिंडीत पंगती वेगळ्या. हे काही दादांचंच मत नव्हतं. इरावती कर्वे वारीत चालल्या तेव्हा एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे वेगळे जेवतात, हे त्यांना खुपलं आणि त्यांनी 'वाटचाल' या लेखात ते लिहिलं. ब्राह्मण-मराठ्यांची ही गत, तर आमची काय असणार!

दादांचं बरोबर होतं. पण ते सगळं नव्हतं. चौदाव्या शतकातल्या एका महार घरातल्या पाच माणसांची नावं आपल्याला माहीत आहेत, त्यांचे शब्द माहीत आहेत. चोखोबा, त्यांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा. त्या काळातल्या किती पाटलांच्या, किती देशमुखांच्या घरातल्या बायकांचा एक शब्द तरी उरलाय? हे वारीनं केलं. चोखोबांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या ब्राह्मणानं लिहून घेतले, अशी परंपरा आहे. आणि ते सगळं काही सोसणं नव्हे. सोयराबाई विटाळाबद्दल देवाला सरळ प्रश्न विचारते. विटाळ देहात असेल तर त्यातून सुटलेला देह कुठला, हा तिचा मुद्दा आहे, आणि त्याला शास्त्रात उत्तर नाही. कर्ममेळा बापापेक्षा तिखट. आम्हाला हीन करून उष्टं खायला लावलंस, याची तुला लाज कशी नाही, असा त्याचा सूर. मी ३६ वर्षं मराठी शिकवलं. चोखोबांचा अभंग शिकवून झाला की कर्ममेळ्याचा एक अभंग मी आपणहून फळ्यावर लिहायची. वर्गात मागच्या बाकावर बसणारी पोरं तो वहीत उतरवून घ्यायची. परीक्षेला नाही हे माहीत असूनही.

पंढरपूर विसाव्या शतकात बदलायला लागलं ते आतून नव्हे. गाडगेबाबा वारीला यायचे पण देवळात जायचे नाहीत. वाळवंट झाडायचे, रात्री कीर्तन करायचे. इतर धर्मशाळांत महारांना थारा नव्हता म्हणून त्यांनी चोखामेळ्याच्या नावानं धर्मशाळा बांधली. आबा तिथं कित्येकदा उतरले. अंगणात पाण्याचा रांजण होता आणि त्यातलं पाणी स्वतःच्या हातानं घेता यायचं, हे ते अजून काल घडल्यासारखं सांगायचे. १९४९ मध्ये बाबांनी ती धर्मशाळा बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला मुलांच्या शिक्षणासाठी देऊन टाकली. वारकऱ्यांच्या पथारीच्या जागी वह्या-पुस्तकं आली. या एका दानपत्रात मला महाराष्ट्राचा अर्धा इतिहास दिसतो.

बाबासाहेबांचं पंढरपूरशी नातं साधं नव्हतं. त्यांच्या घरात भक्तिपरंपरा होती. पत्नी रमाबाईंना पंढरपूरला जायचं होतं, आणि जिथं तुला दाराबाहेर उभं राहावं लागेल तिथं न जाता आपण दुसरं पंढरपूर उभं करू, अशी त्यांनी तिची समजूत घातली, ही हकिगत आमच्याकडं घरोघर सांगतात. त्र्यंबकेश्वरला चोखोबांचं देऊळ बांधायची कल्पना निघाली तेव्हा त्यांनी विरोध केला. अस्पृश्यतेचा कलंक धुणं हेच संताचं स्मारक, असं त्यांचं म्हणणं. पुढं २ मार्च १९३० ला नाशिकला काळारामाचा सत्याग्रह सुरू झाला. बायका-पुरुषांनी मार खाल्ला, तुरुंगात गेले, वर्षामागून वर्षं गेली, दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला येवल्यात त्यांनी सांगून टाकलं की हिंदू म्हणून मरणार नाही. तरीही १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाविषयीचं पुस्तक त्यांनी लिहिलं ते नंदनार, रविदास आणि चोखामेळा या तिघा संतांना अर्पण केलं. दार सोडलं, पण दाराबाहेरच्या माणसाला सोडलं नाही. दादांना हे फार आवडायचं.

आणि मग १९४७. साने गुरुजींनी ठरवलं की स्वातंत्र्य येतंय आणि विठ्ठलाचं दार बंद आहे, हे चालणार नाही. त्यांनी लगेच उपोषणाला बसू नये, आधी लोकांना भेटावं, असा आग्रह झाला, म्हणून त्यांनी काही महिने महाराष्ट्र पिंजून काढला. सेनापती बापट बरोबर होते, राष्ट्र सेवा दलाची पोरं गाणी-पोवाडे घेऊन गावोगाव फिरली. कितीतरी गावांनी आपापली देवळं आणि पाणवठे खुले केले. पंढरपूर हललं नाही. १ मे १९४७ ला गुरुजींनी तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू केलं. मठ देणारे तनपुरे महाराज वारकरीच होते, हे मला महत्त्वाचं वाटतं. गावात दुसऱ्या बाजूचेही लोक होते. गुरुजींना परत पाठवायच्या घोषणा देत गल्ल्यांतून फिरत होते. गांधीजींच्या कानावर उलटसुलट गेलं आणि त्यांची उपोषण थांबवायची तार आली. गुरुजींसारख्या माणसाला ती तार वाचताना काय झालं असेल! पण थांबले नाहीत. दादासाहेब मावळंकर मध्ये पडले, बडव्यांशी बोलले, आणि १० मे ला उपोषण सुटलं. त्याच वर्षी मुंबई सरकारचा हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदाही झाला.

वैशाखातलं सोलापूरकडचं ऊन ज्याला माहीत आहे त्याला त्या दहा दिवसांची कल्पना येईल. आबा त्यातले दोन दिवस मठाबाहेर बसून होते. आत गेले नाहीत. त्यांना फक्त जवळ बसायचं होतं.

पंढरपुरात एक गोष्ट अजून सांगितली जाते. महार आत येणार म्हटल्यावर काही जणांनी मंत्र म्हणून विठ्ठलमूर्तीतलं देवत्व काढून पाण्याच्या घागरीत ठेवलं, म्हणजे आत येणाऱ्यांच्या हाताला नुसता दगड लागावा. काही घरांतली माणसं त्यानंतर मरेपर्यंत देवळाची पायरी चढली नाहीत. ही गोष्ट लोक हसून सांगतात. मला हसू येत नाही. ज्यांनी जन्मभर त्या मूर्तीला स्नान घातलं, नैवेद्य दाखवला, त्यांनी आपला देव त्या दगडातून काढून घेतला, कारण तो दुसऱ्याचाही होणार होता. किती मोठी भीती असेल ती.

दार उघडल्यावर आबा आत गेले. त्या दिवसाचं त्यांनी फार थोडं सांगितलं. गरुडखांबाला मिठी मारायची असते हे त्यांना ऐकून माहीत होतं, पण हात उचलेनात. मागच्या एका म्हातारीनं, कुठल्या जातीची ते माहीत नाही, त्यांचे दोन्ही हात धरून खांबाभोवती घातले. मग गाभाऱ्यात पायांवर डोकं टेकलं. पाय गार होते, एवढंच ते म्हणायचे. बाहेर आले ते थेट चोखोबांकडं. समाधीवर डोकं ठेवून म्हणाले, "तुमच्या वतीनं जाऊन आलो." घरी आजीनं विचारलं, "झालं का दर्सन?" त्या दिवशी आबांना उत्तर देता आलं नाही.

नऊ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ ला दादा नागपुरात दीक्षाभूमीवर होते. परत आले तेव्हा अंगावर पांढरा सदरा. आठ दिवसांनी घरातले देव एका फडक्यात बांधून त्यांनी नदीत सोडले. आजी रडली, पण तिनंच देव्हारा पुसून दिला. आबा ओट्यावर बसून होते. दादांनी माळेकडं पाहिलं, आबांनी गळ्यावर हात ठेवला. पुढं कोणी काही बोललं नाही. मी चार वर्षांची होते, हे सगळं आजीकडून ऐकलेलं.

तेव्हापासून आमच्या घरात दोन धर्म नांदले. सकाळी आबांचा हरिपाठ, संध्याकाळी दादांची बुद्धवंदना. भांडणं व्हायची, कडाक्याची. दादा म्हणत, "सहाशे वर्षं रस्त्यावर उभं केलं, आता आत या म्हणाले की गेलात?" आबा म्हणत, "त्येंनी बोलावलं म्हून न्हाई गेलो. माजं हुतं म्हून गेलो." दोघांच्या मधे बसून मी मोठी झाले. दार मागणारे आणि दार नाकारणारे, दोघांनाही तेवढंच धैर्य लागलं, हे मी दोन्ही माणसं जवळून पाहून सांगते. बाहेरच्या लोकांना वाटतं त्यांतला एक खरा वारकरी होता आणि दुसऱ्यानं देव सोडला. मला उलट दादांइतका धर्माचा विचार करणारा माणूस भेटलाच नाही. अन्याय करणाऱ्या देवापुढं वाकायचं नाही, याला ते धर्म म्हणत.

देवळाचं पुढं कायद्यानं होत गेलं. १९७३ चा पंढरपूर मंदिरांचा कायदा, त्यावरचे खटले, अपिलं. जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बडव्यांचं अपील फेटाळलं आणि त्याच वर्षी मंदिर समितीनं पूजेच्या कामासाठी सर्व जातींतून, बायकांतूनही अर्ज मागवले. ती बातमी वाचली तेव्हा दादा हयात नव्हते. सोयराबाई आठवली.

आबांची शेवटची आषाढी १९६३ ची. पाय सुजलेले, चालवत नव्हतं. दादांनी एसटीनं नेलं, मलाही घेतलं. मी अकरा वर्षांची. महाद्वारापाशी आल्यावर दादा चोखोबांच्या समाधीशी थांबले. आबांनी वहाणा काढल्या, दादांनी त्या हातात घेतल्या. आबांनी माझं बोट धरलं. मी नामदेव पायरीपर्यंत गेले आणि तिथंच राहिले. आबांनी ओढलं नाही, बोट सोडून एकटेच आत गेले. गर्दी मला ढकलत होती. मागं वळून पाहिलं तर दादा तसेच उभे होते, पांढऱ्या सदऱ्यात, बापाच्या वहाणा छातीशी धरून. कळसाकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही.

दोन-अडीच तासांनी आबा आले. कपाळभर बुक्का. चिमूटभर त्यांनी चोखोबांच्या समाधीवर वाहिला. मग दादांकडं पाहिलं, आणि उरलेला बुक्का स्वतःच्याच उपरण्याच्या टोकात बांधला. दादा खाली वाकले, वहाणा आबांच्या पायाशी मांडल्या. सुजेमुळं अंगठा आत जाईना, तेव्हा त्या भर रस्त्यात ते गुडघ्यावर बसले आणि आबांचं पाऊल हातात घेऊन त्यांनी पट्टा सरळ केला. आबा तोल सावरायला त्यांच्या डोक्यावर हात टेकून उभे होते.